वाढणारा दोर

१

हरिबा विहिरीत पडून मेला, आणि दिवस मावळायच्या आत साऱ्या चिटगुप्प्याला मारेकऱ्याचं नाव ठाऊक झालं. पुरावा मात्र कुणी मागत नव्हतं. मी मागितला, तर लोक माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मीच काही चोरलं आहे.

नाव आप्पारावांचं घेतलं जात होतं. आप्पाराव माझे सख्खे काका.

घडलं ते असं. वीरभद्रप्पा हे आमच्या पेठेतले अडते. त्यांच्या आवारातली जुनी विहीर आटत चालली होती, म्हणून ती खोल करायचं काम निघालं होतं. निम्मी पेठ त्या विहिरीचं पाणी भरते, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. खाली हरिबा पहारीनं खडक फोडायचा. वर आप्पाकाका दातेरी चाकांचा रहाट फिरवून लोखंडी डोलातून दगड उपसायचे. रहाटावर पोलादी तारांचा दोर होता. वीरभद्रप्पांनी तो मुद्दाम हैदराबादेहून आणला होता. असा दोर गावात पहिलाच. त्या दुपारी हरिबा जेवणाआधीच्या शेवटच्या दगडासोबत डोलात उभा राहून वर येत होता. काठ हाताला लागणार, तेवढ्यात दोर तुटला.

रहाटाच्या दांड्यावर काका होते. आदल्याच दिवशी काकांचं आणि हरिबाचं विहिरीवर कडाक्याचं भांडण झालं होतं. आणि काकांच्या घरात कानस सापडली. पोलिसांच्या अमीनसाहेबांना एवढं पुरेसं होतं.

"रस्सी काटी गई, कानस मिली, झगड़ा सब लोगां देखे," ते चावडीच्या ओट्यावर पान लावत म्हणाले. "और क्या होना मियाँ?"

"साहेब, कानस आमच्याही घरी आहे. विळ्याला धार कशानं लावायची?"

"तो तुमको बी अंदर करूँ क्या?"

हैदराबादेत मी पदार्थविज्ञान उर्दूतून शिकलो, घरी मराठी बोलतो, बाजारात कानडी. तीन भाषा येतात, आणि तिन्ही भाषांत लोक माझं अर्धंच वाक्य ऐकून घेतात. बी.एस्सी. होऊन आल्यापासून हा अनुभव रोजचाच होता. पण त्या दिवशी चावडीच्या आतल्या खोलीत काका गुडघ्यांत मान घालून बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीनं त्यांना बीदरला रवाना करायचं ठरलं होतं. एकदा कागद बीदरला गेले की 'कापला' हा शब्द कुणी खोडणार नव्हतं.

ओट्याखाली हरिबाची बायको राजूबाई बसून होती. तिला बायका घरी न्यायला आल्या, तर तिनं हात झटकले. "दोर कुणी कापला ते मला कळू द्या. त्याबिगर मी उठायची न्हाई."

मी अमीनसाहेबांना म्हटलं, "तुटलेलं टोक एकदा मला बघू द्या."

त्यांनी कंटाळून जप्तीतला तुकडा पुढे सरकवला. तुटल्या जागेच्या दोन्ही बाजूंचा हातभर दोर त्यांनी तोडून ठेवला होता. मी खिशातलं भिंग काढलं आणि उजेडाकडे तोंड केलं. एक तार पाहिली, दुसरी पाहिली, सगळी टोकं पाहिली.

"साहेब," मी म्हटलं, "यातली एकही तार कापलेली नाही."

२

कानशीनं घासलेली तार सपाट तुटते, तिच्यावर बारीक ओरखडे दिसतात. छिन्नीनं तोडलेली चेपते. या तारा टोकाकडे निमुळत्या होत गेल्या होत्या, जशी आपण गूळ-पाकाची तार बोटांत ओढली की मध्ये बारीक होत होत तुटते, तशा. ताणल्या गेल्या आणि तुटल्या. कुणाचं हत्यार त्यांना लागलंच नव्हतं.

मी हे सगळं नीट, क्रमानं सांगितलं. अमीनसाहेबांनी पूर्ण ऐकलंसुद्धा. मग म्हणाले, "हौ. काटी नहीं, टूटी. तो किसने तोड़ी?"

मी कपाळाला हात लावला.

पण प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. तो डोल एरवी मोठमोठे दगड वर आणत होता. मग हा दोर त्या दिवशी का तुटावा? मालच खराब असेल, असं धरून मी आधी वीरभद्रप्पांकडे गेलो. ते अडतीच्या गादीवर बसले होते, डोळे सुजलेले. हरिबा त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कामाला होता.

"दोर जुना होता का, अप्पा?"

बस्स. मी जणू त्यांच्या घराण्याविषयी काही बोललो.

"जुना? मी जुना आननार? लढाईच्या दिवसांत असला दोर मिळंना झालाय, मी हैदराबादेत खेटं घालून घेतला. दुकानात त्याला चार हमाल लोंबकळवून बघितलं. तुझा काका कापलाय म्हणून कापलाय. शिकून आलास म्हणून दोराला नावं ठेवायलास व्हय?"

"मी नावं ठेवत नाही, विचारतोय."

"इचारायलास तेबी नावं ठेवल्यावानीच!"

समोरच्या बोळात शिवय्याचं दुकान. तो अंबाडीचे दोर, कासरे, मुसक्या विकायचा. पोलादी दोर आल्यापासून विहिरीची आणि मोटेची गिऱ्हाइकं वीरभद्रप्पांच्या दोराकडे बघायला जाऊ लागली होती, त्यामुळे त्याचा जळफळाट साऱ्या बाजाराला माहीत. माझ्या मनात त्याचंही नाव होतं. तो मला बघून उठून उभाच राहिला.

"ये उद्धवा, बस. मी बोललो व्हतो का न्हाई? अंबाडीचा दोर तुटायच्या आधी करकरतो, माणसाला सांगतो. ते लोखंड मुकं. भर बाजारात सांगितलं, कुणी ऐकलं?"

"शिवय्याअण्णा, तुम्ही त्या दोराला हात लावला होता का?"

"मी? शिव शिव! त्याला काय फासून आनला व्हता ठावं हाय का?" त्यानं आवाज खाली आणला, पण डोळे चमकत होते. "चरबी. जनावराची. मी तर वीरभद्रप्पाच्या तोंडावर म्हनलो, अप्पा, हे पाणी इष्टलिंगाच्या पूजेला घेणार का? लई हसले लोक."

"ते वंगण असतं. गंज धरू नये म्हणून लावतात."

"वंगण म्हन की. कशाचं वंगण?"

मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी आणखीच चिडलो. शिवाय या माणसाला हरिबाच्या मरणाहून आपलं म्हणणं खरं ठरल्याचं जास्त वाटत होतं. पण दोराला हात न लावण्याचं त्याचं कारण मला पटलं.

मी परत चावडीवर आलो. काकांना विचारलं, "भांडण कशावरून झालं?"

"काय सांगू तुला. डोल खाली सोडताना मी हळू सोडत न्हाई म्हणं. कट्ट्यावर आदळतोय म्हणं. खाली बाजूला दगडाचा कट्टा हाय न्हवं, त्याच्यावर डोल टेकवायचा. कवा टेकला ते वरनं दिसत न्हाई, म्हणून हरिबानंच दोराला खूण बांधली व्हती. त्याच्या पटक्याची लाल चिंधी. चिंधी कप्पीजवळ आली की दांडा थांबवायचा. मी थांबवत व्हतो रे! रोज थांबवत व्हतो. तरी काल डोल धाडकन आदळला, त्याचा पाय थोडक्यात वाचला. वर येऊन माझं मानगूट धरलं."

"चिंधी सरकली असेल."

"न्हाई रं बाबा. तारंच्या पेडात ओवून गाठ मारलेली. ती सरकत न्हाई."

"आणि कट्टा?"

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की यासाठीच पोराला शिकवलं का. "कट्टा कुठं जाईल?"

मी ओट्याच्या कडेला टेकलो. कट्टा तिथंच. चिंधी तिथंच. थांबवणारा माणूस तोच. तरी डोल आदळला. मग चिंधी आणि डोल यांच्यामध्ये जे होतं, तेच बदललं असलं पाहिजे.

"हरिबा काय म्हणाला होता, नेमकं?"

"येडाच झाला व्हता," काका म्हणाले. "म्हणं, तू खोटं बोलायलास, न्हाईतर दोर वाढलाय. दोर काय वेल हाय का वाढायला?"

३

दोर वाढला होता. हरिबानं मरायच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर ते सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी ते भांडणात टाकून दिलं होतं.

मी विहिरीवर गेलो. उजेड अजून होता. तुटलेली जागा डोलापासून थोड्याच अंतरावर होती, त्यामुळे बाकीचा दोर रहाटावर तसाच गुंडाळलेला होता. लाल चिंधीही जागेवर होती.

पहिली गोष्ट मला हातालाच कळली. रहाटाच्या लाकडाला खिळलेले आतले वेढे काळ्या वंगणानं चिकट होते. त्यांच्या पुढचा सगळा दोर कोरडा, मळकट, तांबूस. बोटाला काही लागेना.

"दोर कुणी पुसला का?" मी हाक मारून विचारलं.

"पुसला असंल," गादीवरून वीरभद्रप्पांचं उत्तर आलं. "मी हुमनाबादेला गेलतो तवा घरात धुतला म्हणं. आता त्याचं काय?"

त्याचं काय, ते मलाही कळत नव्हतं. धुतल्यानं पोलाद वाढत नाही.

अशा दोराच्या पोटात अंबाडीसारख्या धाग्याचा एक पीळ असतो, आणि त्याच्याभोवती तारांचे पेड वळलेले असतात. तो पीळ आतून पेडांना आधार देतो. मी खिळ्यानं चिकट वेढ्यातले पेड थोडे बाजूला केले. आत पिवळसर, तेलकट धागा होता. मग मी डोलाकडचं टोक घेतलं, तिथले पेड उकलले.

आत धागा नव्हता. तळहातावर काळी पूड पडली.

मी ती चोळली, वास घेतला. कोळसा. बाहेरून पोलाद शाबूत दिसत होतं आणि त्याचं आतडं जळून गेलं होतं. आधार गेल्यावर पेड आत दबणार, आणि दबले की दोर लांब होणार. हरिबाचं वाक्य अक्षरशः खरं होतं.

मी दोन्ही टोकांच्या थोड्या थोड्या तारा पकडीनं तोडून घेतल्या. चिकट टोकाची तार बोटांत वाकवून सोडली. ती सुईसारखी सरळ झाली. जळक्या टोकाची वाकवून सोडली.

ती वाकलेलीच राहिली.

४

हे असं का व्हावं याचा अंदाज मला होता, पण अंदाज अमीनसाहेबांसमोर मांडून काही उपयोग नव्हता. मी घरी आलो आणि सरळ चुलीपुढे बसलो.

"तुझा काका चावडीत बसलाय," आई कडाडली, "आन् तू माझ्या चुलीत तारा भाजायलास?"

"काकांसाठीच करतोय."

"भाकरी कुटं टाकू मग? तुझ्या डोक्यावर?"

माझ्या आईचं नाव चंद्रभागाबाई. तिच्याशी वाद घालून आजवर कुणी चूल मिळवलेली नाही. तिच्या भाकऱ्या होईपर्यंत मी थांबलो. मग निखारे फुंकणीनं पेटवले. चिकट टोकाच्या, म्हणजे चांगल्या तारेचे तीन तुकडे केले. एक तसाच ठेवला. दुसरा लाल केला आणि पाण्यात बुडवला. तिसरा लाल केला आणि राखेत पुरून सावकाश निवू दिला.

पहिला वाकवून सोडला की सरळ होई. दुसरा वाकवायला गेलो तर काचेसारखा कट्कन मोडला, आणि मोड सपाट होता. तिसरा मेणासारखा वाकला आणि तसाच राहिला. त्याला मी दाराच्या कडीत अडकवून मुसळ बांधून ओढलं, मुसळावर लोंबकळलो. तो ताणला गेला, मध्ये बारीक झाला आणि तुटला. टोक निमुळतं. जप्तीतल्या तारेसारखं. पहिल्या तुकड्याला तसाच लोंबकळलो तेव्हा आधी दाराची कडी निघून आली.

"मोडलास का दार?" आई म्हणाली.

"आई, हा दोर कुणीतरी विस्तवात घातला होता. लाल होईपर्यंत. आणि राखेत निवू दिला होता. वैरानं केलं असेल तर त्याला पोलादाची चांगली जाण असणार. या गावात असं कोण..."

"अक्कम्मा," आई भाकरीची परात पुसत म्हणाली.

"काय?"

"वीरभद्रप्पाची थोरली बहीण. माझ्याकडनं पाट्याच्या पाट्या गवऱ्या नेल्या की. मी म्हनलं, अक्का, एवढ्या गवऱ्या? जेवणावळ हाय का? तर म्हणली, त्या दोराची चरबी जाळायची हाय. शिवय्यानं भर बाजारात थट्टा केली, आता असला दोर पूजेच्या पाण्यात कसा सोडायचा म्हणून."

सबंध संध्याकाळ मी गावभर वणवण केली होती, चिडून चिडून घसा कोरडा केला होता.

"हे तू आधी का सांगितलं नाहीस?"

"तू इचारलंस का?"

५

सकाळी मी तिन्ही तुकडे घेऊन चावडीवर गेलो. अमीनसाहेब दाढी करवून घेत होते. मी बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात पलीकडून पेठेतल्या कलाबाई काकू धावत आल्या.

"उद्धवा, तिकडं विहिरीवर बघ! वीरभद्रप्पा आत उतरलाय!"

"आत? कशावर?"

"त्याच दोरावर! म्हणतोय, माझ्या दोरात खोट न्हाई ते मी सोता दावतो."

हा माझाच प्रताप होता. मी दोराला नावं ठेवली होती ना. तुटलेलं टोक टाकून, उरलेल्या दोराला डोल बांधून, दुसरा कुणी उतरायला तयार नव्हता म्हणून ते स्वतः उतरले होते. वर दोन हमालांनी दांडा धरला होता. काठाशी अक्कम्मा उभी होती, पदर खोचून, आणि भावाच्या वेडेपणावर कानडीत तोंडसुख घेत होती.

मी हमालांना दांडा थांबवायला लावला. खाली वाकून ओरडलो, "अप्पा, वर येऊ नका!"

"कामून?" खोलातून आवाज आला. "मी डोलात दगड भरलोय. दगडासकट येणार. बघू दे गावाला!"

"दोर भाजलेला आहे! तुटेल!"

"तुज्या काकाला सोडवायला काय बी बोलशील!"

मी अक्कम्माकडे वळलो. "अक्का, तुम्ही हा दोर गवऱ्यांत जाळला होता ना?"

"व्हय तम्मा." ती मला धाकटा भाऊ म्हणायची. तिनं जरासुद्धा आडपडदा ठेवला नाही. "शुद्ध केला. हा हुमनाबादेला गेलता तवा. एक टोक भाईर राह्यलं, ते काय पाण्यात जाणार न्हाई म्हणून तसंच सोडलं."

"लाल झाला होता का?"

"जास्वंदीवानी. मग राखेतच राहू दिला सकाळपत्तूर. का? लोखंडाला आगीचं काय? लोखंड आगीतनंच येतंय की."

मी बोळ ओलांडून शिवय्याच्या दुकानात शिरलो आणि भिंतीवरचा सगळ्यांत जाड अंबाडीचा दोर ओढून काढला. शिवय्या मागे धावत आला. आधी दोरासाठी, मग प्रकार कळल्यावर दोर ओढायला.

आम्ही दोर खाली सोडला. "कंबरेला बांधा आणि या," मी ओरडलो.

दोराला खालून दोन हिसके बसले. मग: "ह्यो दोर कुणाचा?"

"शिवय्याचा."

"मी यायचा न्हाई."

मला वाटलं, आपण विहिरीत उडी मारावी. खाली एक माणूस मरणाच्या टोकावर उभा, आणि त्याला दोराच्या मालकाशी भांडण.

"अप्पा," शिवय्या काठावरून केविलवाणा ओरडला, "माझं चुकलं. थट्टा केली मी. बांधून घे रं."

"तू तर बोलूच नगंस!"

तेवढ्यात अक्कम्मा काठावर ओणवी झाली. तिनं आवाज चढवला नाही. "वीरा. माझं लगीन झालं तवा तू पाळण्यात व्हतास. तुला मी वाढवलं. बांध कंबरेला, न्हाईतर मीच उतरते."

खाली खुडखुड झाली. दोर हलला. आम्ही सगळ्यांनी मिळून ओढला, आणि वीरभद्रप्पा लाल धुळीनं माखून, शिव्या देत, काठावर आले. एव्हाना अमीनसाहेब अर्ध्या गालाला साबण असलेले तसेच येऊन ठेपले होते. त्यांच्या मागे सारी चावडी. राजूबाईही.

"आता दांडा फिरवा," मी हमालांना म्हटलं. "सगळे मागे सरा. डोलात फक्त दगड आहेत."

रहाटाची चाकं करकरू लागली. दोर ताठ झाला, कोरडा, तांबूस. लाल चिंधी कप्पीवरून मागे गेली. डोल अर्ध्या वाटेला आला असेल. मोठा आवाज झालाच नाही. एक एक तार सुटल्याचा बारीक चर्र आवाज आला, आणि मग खालून दगड फुटल्याचा.

वीरभद्रप्पा मटकन खाली बसले.

६

अमीनसाहेबांनी गालावरचा साबण रुमालानं पुसला. "बोलो मियाँ," ते म्हणाले. "अब पूरा बोलो."

आणि पहिल्यांदाच कुणी मला मध्ये तोडलं नाही.

मी तिन्ही तुकडे काठावर मांडले. सांगितलं, ही तार जन्मतःच एवढी बळकट नसते. आधी पोलाद ठरावीक उष्णतेला तापवतात, बेतानं निववतात; मग थंड असतानाच लहान लहान भोकांतून ओढत नेतात. दर भोकाला ती बारीक होते आणि तिच्या आतले कण लांबीच्या दिशेनं ताणले जाऊन एकमेकांना घट्ट बिलगून बसतात. तिचं बळ त्या बसण्यात असतं. तीच तार लाल केली की कणांची मिठी सुटते. लाल असताना पाण्यात टाकली तर ती कडक होते, पण काचेसारखी ठिसूळ. एका झटक्यात मोडते, ताणली जात नाही. राखेत हळूहळू निवली तर कण सैलावून बसतात. तार तीच, जाडी तीच, वजन तेच. बळ मात्र निम्म्याच्या आसपास राहतं. शिवाय पोटातला धागा जळाला, म्हणून पेड आत दबले. म्हणून दोर वाढला. म्हणून चिंधी जागेवर असून डोल कट्ट्यावर आदळला. आप्पाराव दांडा वेळेवर थांबवत होते, आणि हरिबाही खोटं बोलत नव्हता. दोघं खरं बोलत होते, म्हणूनच भांडण मिटेना.

"चिंधी बांधली ती दोर भाजल्यानंतर; त्यापुढे तो रोज थोडा थोडा ताणला जात होता," मी म्हटलं. "त्या दिवशी दगड आणि माणूस एकत्र आले."

अमीनसाहेबांनी वाकलेला तुकडा उचलून सरळ केला, परत वाकवला. "तो मैं नाम किसका लिखूँ?"

"माझं लिवा," अक्कम्मा म्हणाली.

वीरभद्रप्पा "अक्का" म्हणून उठायला लागले, तिनं त्यांना हातानं खाली बसवलं. ती राजूबाईसमोर गेली आणि जमिनीवर बसली. पेठेतली सर्वांत सोवळी म्हातारी. विहिरीच्या चिखलात बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"राजू, मी केलं ते. पाणी शुद्ध राहावं म्हणून केलं. तुझ्या माणसाचा जीव त्याच दोरावर हाय, हे माझ्या ध्यानातबी आलं न्हाई. मी पाण्याचा इचार केला."

राजूबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं मान माझ्याकडे वळवली.

"म्हंजी त्यो म्हणत व्हता ते खरं व्हतं? दोर वाढलाय म्हणून?"

"अगदी खरं होतं."

"त्या दिवशी घरीबी तेच बोलला. मी म्हनलं, झोपा आता, दोर कुटं वाढत असत्यात का." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मीच ऐकलं न्हाई. आता ह्या म्हातारीला काय बोलू?"

अमीनसाहेबांनी शिपायाकडून कागद घेतला. मग त्यांनी 'कापला' या शब्दावर रेघ मारून वर 'जळालेला' असं उर्दूत लिहिलं, नावाची जागा कोरीच ठेवली आणि ते शिपायाला म्हणाले, "आप्पाराव कू छोड़ दो." माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, "ये बी.एस्सी. अच्छी चीज़ है. लेकिन तुम बोलते बहोत."

काका आले. राजूबाईपुढे उभे राहिले आणि नुसतेच हात जोडले.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्यानं तुमचं मानगूट धरलं ते मनात ठेवू नगा. तुमीबी खोटं न्हवता, त्योबी न्हवता." ती उठली, रहाटाजवळ गेली आणि दोराच्या पेडात ओवलेली लाल चिंधी सोडवू लागली. गाठ पक्की होती. काका पुढे झाले, दोघांनी मिळून ती सोडवली.

"अरे, वो सबूत है," शिपाई म्हणाला. "उसकू हात नक्को लगाओ."

"त्याचं काम झालं," मी इतक्या जोरात म्हणालो की शिपाई मागे सरला.

अमीनसाहेबांनी हातानंच जाऊ द्या अशी खूण केली. राजूबाईनं चिंधी मुठीत घेतली आणि ती घरी जायला निघाली.